दिवस साडेपाचला बदलतो

जिनिंगचा रातपाळीचा पहारेकरी पुंजाजी अवचार,
त्याच्या हिशेबानं आपला दिवस
संध्याकाळी साडेपाचला बदलतो.
गुरं नाल्यातून वर येतात,
मी काट्यावरची शेवटची पावती फाडतो,
सरकीच्या ढिगावरची कुत्री अंग झटकून उठतात,
आणि तो खुर्चीखालची वही काढून
कालच्या आकड्यात एक मिळवतो.

"तिकडं विलायतेत बारा वाजले दुपारचे,
म्हणून इथं बदलला."
पण बदलायचा तर मध्यरात्री बदलावा ना, जगासारखा?
"ज्याले रातभर वर पाहाचं हाये
त्यानं रातीचे दोन तुकडे काहून करावं?"

माझ्या टेबलावर तारखांची दाटी.
बाजार समितीची एक, बँकेची एक,
कॅलेंडरवर तिथी, तिचा क्षय, तिची वृद्धी,
यंदा वर अधिक श्रावण, जावयांची चंगळ.
त्याच्या वहीत महिना नाही, वार नाही, सण नाही.
आकडा, आणि त्याच्यापुढचा आकडा.
नोटाबंदी ते टाळेबंदी किती दिवस, मी मुद्दाम विचारलं.
त्यानं वरचा खालच्यातून वजा केला:
"बाराशे बत्तीस. अन् दोन्ही घोषणा राती आठलेच."

मंगरूळचे जोशी सरकी न्यायला आले तेव्हा म्हणाले,
हे आपल्याकडे होतंच की, अहर्गण म्हणतात,
कलियुग लागलं तेव्हापासून मोजतात,
आणि पृथ्वीची मधली रेघ तर वाशीमवरूनच जाते.
पुंजाजीनं रेघ जाऊ दिली.
जोशांचा आकडा तेवढा मागून घेतला,
स्वतःच्यातून वजा करून पाहिला:
पाच लाख अठ्ठ्याऐंशी हजार चारशे पासष्ट, वर अर्धा.
महिन्याभरानं पुन्हा केलं. तेवढेच.
दोन भावांच्या वयातलं अंतर.
त्या दिवसापासून तो जोशांना रामराम घालतो.

त्याचा स्वतःचा आकडा मात्र निघत नाही.
शाळेत गुरुजींनी एक जून लावून दिली,
आमच्या अर्ध्या गावाला लावली तशी.
माय सांगायची, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी झाला.
कोणत्या सालच्या, ते तिला विचारायचं राहून गेलं.

वही कशासाठी, तर एका चांदणीसाठी.
शाळेतल्या शिबिरात कोण्या बाईनं दाखवली होती,
तिमिंगलाच्या अंगावरची, मीरा.
उजळते, मग महिनोन् महिने विझत जाते,
तीनशे बत्तीस दिवसांनी पुन्हा भरात,
कधी पाच कमी, कधी दहा जास्त.
कॅलेंडरात शोधली तर दरसाल महिनाभर अलीकडे सरते.
वहीत शोधली तर आपल्या चालीनं येते.

त्या शुक्रवारी, फेब्रुवारीतल्या,
त्यानं मला बोलावून घेतलं. दोन कट चहा सांगितले.
आदल्या पानावर होतं २४५९९९९.
साडेपाच वाजले.
रेचे धडधडत होते, प्रेसवरून एक गठाण खाली आली,
दुसरं काही झालं नाही.
त्यानं शून्यं काढली, चार,
पहिलीतल्या पोरासारखी, जीभ बाहेर काढून.
मी म्हटलं, झालं? तो म्हणाला, झालं.

अंधार पडल्यावर शुक्र आणि गुरू जवळजवळ आलेले,
हमाल सगळे गेटवर उभे राहून तेच बघत होते.
पुंजाजी पंचमीच्या चंद्राला हातानं झाकून
त्याच्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे बघत होता.
बराच वेळ. मग आत येऊन लिहिलं:
२४६००००.०८. दिसली नाही.

नाही दिसली तर लिहायचं कशाला?
"पाह्यलंच नाही असं थोडंच हाये?
पाह्यलं. अन् नव्हती."

तेवढ्यात कारंज्याचा ट्रक आला.
त्यानं फाटक उघडलं,
गेटच्या रजिस्टरात साधी तारीख टाकली,
मालकाले समजावी म्हणून.